दात घासताना तोंडच उघडत नाही? आधी एवढंच करा
ताई, तुमचा मुलगा दात घासू देत नाही म्हणालात ना, घाबरू नका, आमचा पोरगा आता 19 चा आहे आणि घासायला सुरुवात केली तेव्हा पहिले दोन महिने तो ब्रश बघितला की पलंगाखाली जायचा. मी तेव्हा तोंड धरून घासायचो, ही माझी सगळ्यात मोठी चूक, त्याने भीती डोक्यात बसली ती निघायला वर्ष गेलं.

बेसिनसमोर उभं करायचंच असं काही नाही. खुर्चीत बसवा, तुम्ही मागं उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने हलकेच ओठ बाजूला करा. पहिले काही दिवस नुसते पुढचे दात, दहापर्यंत मोठ्याने मोजायचं आणि दहा झाले की थांबायचंच, तो कितीही चांगला बसला असला तरी.

- ब्रश मऊ आणि छोट्या डोक्याचा
- फ्लोराइडवाली पेस्ट वाटाण्याएवढीच, जास्त फेस झाला की ठसका लागतो
- सकाळचं एखादवेळी राहिलं तर राहूदे, रात्रीचं चुकवू नका

हिरड्यातनं रक्त आलं म्हणून घासणं बंद करू नका, बहुतेक वेळा नीट घासलं जात नाही म्हणूनच येतं, थांबत नसेल तर डेंटिस्टला दाखवा. फिटची गोळी चालू असेल तर तिचं नाव डेंटिस्टला सांगा, फेनिटॉइन नावाच्या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हां. गोड सिरप दिलं की वर पाणी पाजा.

आणि आपलं सांगलीचं भडंग! गालात तासभर तसंच साठून राहतं, खाल्लं की बोट फिरवून बघत जावा, त्याला बोट चावायची सवय असेल तर नुसती चूळ भरायला लावा. फ्लॉस बिस नंतर बघू.