चित्रकलेच्या शिक्षणासाठी पॅरिसऐवजी मार्सेय निवडावं का?

माझं उत्तर: हो, नक्की. फक्त फ्रेंच पक्की करून जा.

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं मार्सेय आपल्याला माहीत असतं ते १९१० सालच्या सावरकरांच्या उडीमुळे. पण हे बंदर ग्रीकांनी वसवलं त्याला २६०० वर्षं झाली, आणि तेव्हापासून इथे माणसं येतच राहिली आहेत. इटालियन, आर्मेनियन, अल्जीरियन, कोमोरोसचे. शहराच्या मध्यातल्या नोआय वस्तीच्या बाजारात एकदा स्केचबुक घेऊन उभं राहा. पुदिन्याच्या ओल्या जुड्या, खारवलेल्या ऑलिव्हची पिंपं, शेजारी मसाल्यांच्या राशी, आणि एकाच गाळ्यावर फ्रेंच-अरबीची सरमिसळ. रंगसंगती शिकायला याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

तिथलं सरकारी कला महाविद्यालय, बोझार, शहराच्या टोकाला लुमिनी भागात आहे. मागे पाइनची झाडं आणि कालांकचे, म्हणजे समुद्राकाठच्या अरुंद खाड्यांचे, पांढरे चुनखडीचे कडे. तीन वर्षांनी पहिली पदवी, पाच वर्षांनी पदव्युत्तर दर्जाची. प्रवेशासाठी केवळ सफाईदार पोर्ट्रेट्स जमवू नका. तुम्ही विचार कसा करता हे दिसू दे, अर्धवट प्रयोगसुद्धा ठेवा. मुलाखतीत आपल्या कामाबद्दल बोलता आलं पाहिजे, हे फार महत्त्वाचं आहे.

व्हिसाची प्रक्रिया कॅम्पस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या फ्रेंच सरकारी संस्थेमार्फत होते, ती लवकर सुरू करा.

आणि जुन्या तंबाखू कारखान्यात थाटलेलं 'फ्रिश ला बेल द मे' चुकवू नका. तिथे कलाकारांचे स्टुडिओ आहेत, प्रदर्शनं चालू असतात.