चंद्रपूरचा उन्हाळा आणि सक्तीचा नेव्ही ब्लू टी-शर्ट

मुंबईहून चंद्रपूरला बदली, दिवसभर साईटवर काम, वर कंपनीचा नेव्ही ब्लू टी-शर्ट सक्तीचा, मग उन्हाळ्यात कोणत्या रंगाचे कपडे घेऊ, असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही. अकोला-नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात मी बरीच वर्षं सर्व्हेची कामं केली. पाणी, पन्हं, डोक्याला दुपट्टा हे तिथलं कुणीही सांगेल, मी सांगत बसत नाही.

रंग म्हणाल तर पांढरा, मोतिया, फिकट आकाशी, बदामी. पण माझ्या मते आधी कापड आणि शिवण, मग रंग. १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात बेदुइनांच्या (वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या) काळ्या झग्यांवर एक अभ्यास आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, तरी अंगापर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. झगा सैल असतो, जास्तीची उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते. अंगाला चिकटलेल्या टी-शर्टात हवा खेळायला जागाच नाही, त्यामुळे गडद रंगाचा सगळा ताप अंगावर येतो.

आमचं नेमकं इथेच अडलं. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) फिल्डवरच्या सगळ्यांना गडद निळा टेरीकॉटचा गणवेश दिला, तोही शर्ट इन करूनच. बेल्टच्या वर घामाच्या मिठाचा पांढरा पट्टा उमटायचा. फिकट सुती शर्ट द्या, खिशावर बोधचिन्ह लावा, असा लेखी अर्ज केला. उत्तर आलं, ‘गणवेश सर्वांना समान आहे.’ नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) एक सहकारी टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावता लावता खाली बसला, असंबद्ध बोलायला लागला. दवाखान्यात सलाईन लावून तो वाचला. त्यानंतरही गणवेश तोच राहिला. याची चीड मला आजही आहे. ज्यांना दुपारी उन्हात उभं राहायचं नाही, त्यांनी उन्हातल्या माणसाचे कपडे ठरवूच नयेत.

तुम्ही आत्ताच, मार्चच्या आत, लेखी मागणी करा आणि पोच घ्या. रंग बदलत नसतील तर निदान एक माप मोठा, सुती आणि पूर्ण बाह्यांचा मागा. हवा ४५ अंशांवर गेली की वाराच अंग तापवतो, उघडे हात फायद्याचे नाहीत.

पांढरं घेताना एक बघा. कापड उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं स्पष्ट दिसली तर ऊनही तसंच आत येणार. अगदी विरळ पांढऱ्या मलमलीपेक्षा घट्ट विणीचं फिकट रंगाचं कापड त्वचेला जास्त जपतं. मला स्वतःला मांजरपाट आवडतं. थोडं जाड असतं, पण सैल शिवलं तर उत्तम. शेतशिवारात काम असेल तर भडक पिवळा टाळा. मावा, पांढरी माशी असे पिकांवरचे किडे पिवळ्याकडे येतात, शेतकरी पिवळे चिकट सापळे लावतात ते म्हणूनच.

हे सगळं विदर्भाच्या कोरड्या उन्हापुरतं. मुंबईच्या दमट हवेत जाड सुती ओलंच राहतं, तिथे पातळ बरं. आणि मी डॉक्टर नाही, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुमच्या टी-शर्टच्या आतल्या लेबलवर पॉलिस्टर किती टक्के लिहिलंय तेवढं बघून कळवा, म्हणजे आत बंडी घालावी की नाही ते सांगता येईल.