लहान लेथवर लीड स्क्रू सोडवायचा आणि उलटा फिरवायचा कसा?

समजा तुमचा लीड स्क्रू (टूलची गाडी लांबीत सरकवणारा लांब स्क्रू) 6 मिमी पिचचा, म्हणजे लगतच्या दोन आट्यांत 6 मिमी अंतर; पाडायचे आहेत एम 12 चे आटे, म्हणजे पिच 1.75 मिमी. हाफ नट (टूलची गाडी लीड स्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट) उघडून परत लावला की टूल जुन्या आट्यात बसत नाही, त्याचं कारण इथेच आहे: 6 ला 1.75 ने पूर्ण भाग जात नाही. 1, 1.5, 2 किंवा 3 ने जातो, तिथे नट कुठेही लावा, चालतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिकत असताना मीही असाच एक स्टड घालवला. एका खोबणीशेजारी दुसरी खोबण, सगळा चुरा.

म्हणून आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट लावलेलाच ठेवा. टूल शेवटाला आलं की मशीन थांबवा, क्रॉस स्लाइडने (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाने) टूल पूर्ण बाहेर घ्या, मगच मोटर उलटी फिरवा. लीड स्क्रूत ढिलाई असतेच, त्यामुळे टूल आत ठेवून मागे आलात तर आटे खरवडले जातात. जॉबच्या (ज्यावर आटे पाडतोय त्या तुकड्याच्या) तोंडापासून 5-6 मिमी मागे जाऊन थांबा, म्हणजे पुढे येताना ती ढिलाई आधीच निघून जाते.

टम्बलर गिअर (लीड स्क्रूची दिशा बदलणारा गिअर) मधल्या जागी ठेवला की लीड स्क्रू थांबतो, पलीकडे टाकला की डावे आटे पडतात. पण एका आट्याच्या मधे त्याला हात लावू नका, जॉब आणि लीड स्क्रूचा मेळ तुटतो. आणि मशीन पूर्ण थांबल्याशिवाय तर नाहीच, दात तुटतात.

चक (जॉब धरणारा भाग) स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या मुख्य दांड्यावर, आट्यांनी बसवलेला असेल तर उलटं फिरवताना स्पीड अगदी कमी ठेवा. तो सुटून अंगावर येऊ शकतो.