विटेत ऊर्जा की विटेमागे ऊर्जा?

प्रश्न असा: इमारतींच्या आणि बांधकाम साहित्याच्या पर्यावरणीय हिशेबात ‘एम्बॉडीड एनर्जी’ आणि ‘एम्बॉडीड कार्बन’ हे शब्द सतत येतात, म्हणजे माल किंवा इमारत घडवताना, दुरुस्त करताना आणि शेवटी मोडीत काढताना खर्ची पडलेली ऊर्जा आणि त्यापायी हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइडसारखा वायू. मराठीत त्यांना मूर्त, साठवलेली, निहित, अंतर्भूत यांपैकी काय म्हणावं? आणि ‘क्रेडल टू गेट’ला ‘पाळण्यापासून दारापर्यंत’ चालेल का?

पाळण्याचं आधी उरकून टाकू. चालणार नाही, वाचणाऱ्याला हसू येईल. ‘उगमापासून कारखान्याच्या दारापर्यंत’ म्हणावं. ‘खाणीपासून’ जास्त ठसठशीत वाटतं खरं, पण लाकूड आणि ताग खाणीतून येत नाहीत. दार म्हणजे माल बाहेर पडतो ते दार. पुढची वाहतूक त्यात धरलेली नसते. इमारतींच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन १५९७८ मध्ये, हे टप्पे ए१ ते ए३ आहेत. बांधकामाच्या जागेपर्यंतची वाहतूक ए४ आणि प्रत्यक्ष बांधकाम ए५. ‘क्रेडल टू ग्रेव्ह’मधल्या थडग्याऐवजी ‘विल्हेवाटीपर्यंत’ पुरेसं आहे.

आता मुख्य शब्द. ‘मूर्त ऊर्जा’ हे शब्दकोशातून उचललेलं भाषांतर आहे. त्याने बाकीची ऊर्जा अमूर्त आहे की काय, असा प्रश्न पडतो. ‘निहित’ म्हटलं की मराठी माणसाला हितसंबंध आठवतात. ‘साठवलेली’ मात्र सरळसरळ चूक आहे. विटेसाठी माती खणली, मळली, साच्यात घातली, सुकवली, भट्टीत भाजली. या सगळ्यात, आणि सर्वांत जास्त भट्टीत, जे इंधन जळलं ते जळून गेलं. वीट फोडून त्यातलं काही परत मिळत नाही.

उरला ‘अंतर्भूत’. हा शब्द टिकतो, कारण मराठीत तो हिशेबाचाही आहे. किमतीत कर अंतर्भूत आहे असं म्हणतो तेव्हा कर वस्तूच्या पोटात असतो असं कुणी समजत नाही. म्हणून संज्ञा म्हणून ‘अंतर्भूत ऊर्जा’ ठेवावी. वाक्यात मात्र ‘विटेत इतकी ऊर्जा असते’ असं न लिहिता ‘विटेमागे इतकी ऊर्जा खर्ची पडते’ असं लिहावं. ‘मागे’ या एका शब्दात ‘दर नगाला’ हा अर्थही येतो आणि खर्च पडद्याआड होऊन गेला आहे हेही कळतं. असा आयता शब्द असताना ‘प्रति’ कशाला?

‘साठवलेली’ला एवढा विरोध करण्याचं कारण नुसतं भाषिक नाही. काही मालात ऊर्जा खरोखरच साठलेली असते आणि तिचा हिशेब वेगळा लिहावा लागतो. पॉलिथिनच्या किलोमागे एकूण ऊर्जा साधारण ८० मेगाज्यूलच्या आसपास येते. त्यातली सुमारे ४५ कच्चा माल म्हणून आत गेलेली असते आणि ते प्लास्टिक जाळलं तर उष्णता म्हणून बाहेर येते. बाकीची प्रक्रियेत संपलेली असते. बांधकाम साहित्याच्या पर्यावरण घोषणापत्रात, म्हणजे मालाचा पर्यावरणीय हिशेब मांडणाऱ्या पत्रकात (ईएन १५८०४ या युरोपीय मानकाप्रमाणे), इंधन म्हणून वापरलेली प्राथमिक ऊर्जा आणि कच्चा माल म्हणून वापरलेली प्राथमिक ऊर्जा असे वेगळे रकाने असतात. दोन्हींना ‘साठवलेली’ म्हटलं की तक्ता वाचताच येणार नाही.

‘प्राथमिक’, म्हणजे रूपांतराआधीच्या मूळ इंधनातली, हा शब्दही गाळू नये. मीटरवरचं १ युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. तीच वीज ३६ टक्के कार्यक्षमतेच्या औष्णिक केंद्रातून आली असेल, तर तिच्यामागे १० मेगाज्यूलचा कोळसा जळलेला असतो. एका तक्त्यात मीटरची ऊर्जा आणि दुसऱ्यात प्राथमिक ऊर्जा असेल, तर त्यांची तुलना म्हणजे निव्वळ गोंधळ.

‘घडणऊर्जा’ असाही शब्द सुचवला जातो. कानाला गोड आहे आणि ए१ ते ए५ पर्यंत चपखल बसतो. पण इमारतीच्या अंतर्भूत हिशेबात नंतरची दुरुस्ती, बदली आणि पाडकामही येतं, तिथे तो तोकडा पडतो. ६० वर्षांसाठी धरलेल्या इमारतीत २५ वर्षं टिकणाऱ्या खिडक्या असतील, तर ६० भागिले २५ म्हणजे २.४, तो वर पूर्ण करून ३, त्यातून पहिली बसवणी वजा करून २ बदल्या. हे ‘वजा १’ विसरलं की पहिला खिडकीसंच ए (घडण) आणि बी (वापराचा काळ) अशा दोन्ही टप्प्यांत मोजला जातो. ही फार नेहमीची चूक आहे. दिवे, पंखे, वातानुकूलन यांची ऊर्जा यात येत नाही. ती ‘वापरातली ऊर्जा’, टप्पा बी६.

‘किलोमागे’ सोयीचं आहे, पण तुलनेला धोक्याचं. एक चौरस मीटरवर उष्णतारोध १ (एसआय एककांत) मिळवायचा असेल, तर लागणारं वजन म्हणजे उष्णतावाहकता गुणिले घनता (घनमीटरमागे किलो). वाहकता ०.०३५ आणि घनता ३० असेल तर १.०५ किलो, वाहकता ०.०४० आणि घनता १०० असेल तर ४ किलो. किलोमागे स्वस्त दिसणारा माल कामामागे महाग निघू शकतो. आयएसओ १४०४० या जीवनचक्र मूल्यांकनाच्या मानकातली ‘फंक्शनल युनिट’ची अट, म्हणजे तुलना मालाच्या वजनावर नव्हे तर त्याने केलेल्या कामावर करण्याची अट, यासाठीच आहे. तिला ‘कार्यात्मक एकक’ म्हणतात. ‘कामाचं एकक’ मला जास्त पटतं.

कार्बनच्या बाबतीत मात्र नुसतं ‘अंतर्भूत कार्बन’ माझ्या मते चालवू नये. ते वाचल्यावर कार्बन मालाच्या आत आहे असंच वाटतं आणि हिशेब तर हवेत गेलेल्या वायूचा असतो. सिमेंटचंच पाहा. त्याचा कच्चा माल चुनखडी, आणि तिचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी कोळशाशिवाय चालवली तरीही हे ४४ किलो चुकत नाहीत. म्हणूनच ऊर्जेच्या आकड्याला ठरावीक गुणक लावून सिमेंटचा कार्बन काढता येत नाही. इथे ‘अंतर्भूत उत्सर्जन’ म्हणावं.

लाकडाच्या बाबतीत तर चुकीच्या शब्दाने चिन्हच उलटतं. कोरड्या लाकडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो. म्हणजे १०० किलो लाकडात ५० किलो कार्बन, जो झाडाने हवेतला सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन बांधलेला असतो. तो ‘साठलेला कार्बन’. कापणी, वाळवण आणि वाहतूक यांचं ते अंतर्भूत उत्सर्जन. २०१९ च्या सुधारणेनंतरच्या ईएन १५८०४ मध्ये हे १८३ किलो ए१ मध्ये उणे धरतात आणि आयुष्याच्या शेवटी, सी३ किंवा सी४ मध्ये, पुन्हा अधिक धरतात. लाकूड पुरलं, जाळलं किंवा दुसऱ्याला वापरायला दिलं तरी नोंद तीच. त्यामुळे लाकडाचा फक्त ‘कारखान्याच्या दारापर्यंत’चा आकडा छापला, तर तो बहुधा उणे दिसतो आणि जितकं जास्त लाकूड वापरावं तितकी इमारत हिरवी, असा निष्कर्ष निघतो. तिथे सी टप्प्याचा आकडा त्याच ओळीत द्यावा, निदान साठलेला कार्बन वेगळ्या रकान्यात लिहावा.