आमच्या शहरात बीआरटी (फक्त बससाठी राखीव लेनची व्यवस्था) येणार आहे. ती नीट चालावी म्हणून काय करावं? पुण्यात ती का फसली?

'का फसली' हे तुम्ही प्रश्नातच धरून चाललात, म्हणून लिहायला बसलो. मी पुण्या-पिंपरीत बस चालवली, बीआरटीच्या लेनमध्येही चालवली, आता निवृत्त आहे. माझं मत असं की पुण्यात बीआरटी फसली नाही, तिला धड चालूच दिलं नाही.

डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली, तीही कामं अर्धवट असताना. तिथे जे नाव खराब झालं ते आजतागायत चिकटून आहे. २०१५ मध्ये 'रेनबो' नावाने संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे हे मार्ग आले, ते कितीतरी बरे होते. रस्त्याच्या मधोमध स्टेशन, बसच्या फरशीला समांतर प्लॅटफॉर्म, उजव्या बाजूला दरवाजे. नऊवारीतली आजी असो की गुडघे धरून चालणारे आजोबा, पायरी न चढता सरळ आत. गाडी प्लॅटफॉर्मला अशी लावायची की मधल्या फटीत कुणाचं पाऊल जाऊ नये, आणि कडाही घासू नये. हे कसब आहे, आणि ते आम्ही शिकलो. बीआरटीवर लिहिणाऱ्यांपैकी कुणी ड्रायव्हरला यातलं काही विचारल्याचं मी पाहिलं नाही.

आता वॉर्डनची गोष्ट. माझ्या मार्गावर एका चौकात, लेनच्या तोंडाशी, एक वयस्कर वॉर्डन उभे असत. सैन्यातून निवृत्त झालेले. हातात शिट्टी आणि एक काठी, बाकी काही अधिकार नाही. पण त्यांच्यासमोरून एकही दुचाकी लेनमध्ये घुसत नसे. कुणी हुज्जत घातली तर ते आवाज न चढवता एवढंच म्हणायचे, "मागे बसमध्ये साठ माणसं आहेत, त्यांना विचारा." त्यांची ड्युटी असली की संध्याकाळची फेरी वेळेत व्हायची. पुढे वॉर्डन पुरवणाऱ्या ठेकेदाराचं काहीतरी बिनसलं, पगार थकले आणि माणसं यायची बंद झाली. आठवडाही लागला नाही. आधी दुचाक्या, मग रिक्षा, मग मोटारी. एकदा मोटार आत शिरली की मागच्या दहा जणांना वाटतं आपणच मूर्ख.

त्याच दिवसांत, दिवेलागणीला, लेनमध्ये समोरून उलट्या दिशेने एक दुचाकी आली. दिवा बंद. दोन्ही बाजूंना कठडे, त्यामुळे गाडी काढायला जागाच नव्हती. मी ब्रेक दाबला. दुचाकीवाला वाचला, पण बसमध्ये उभ्या असलेल्या एक बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. जमलेल्या गर्दीतून पहिला आवाज आला, "मारा ड्रायव्हरला." दुचाकीवाला तोवर निघूनही गेला होता. पुढे चौकशी झाली, प्रवाशांनीच माझ्या बाजूने जबाब दिले, मी सुटलो. त्या बाईंना मी नंतर घरी जाऊन भेटलो. पण महिनाभराने एका लग्नात माझ्या साडूंनी चारचौघांत ऐकवलं, "साडूभाऊ, मुळात ती लेनच कशाला हवी? निम्मा वेळ रिकामी असते, आणि आम्ही शेजारी एकावर एक उभे."

तेव्हा पंगत बसली होती, मी गप्प राहिलो. उत्तर आता देतो, कारण तुमच्या शहरातही हे वाक्य तुम्हाला रोज ऐकावं लागणार आहे.

लेन रिकामी दिसते कारण बस थांबून राहत नाही, निघून जाते. दर दीड मिनिटाला एक बस म्हणजे तासाला ४०. एका बसमध्ये ५० माणसं धरली तर २,००० झाली. सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला ७००-८०० मोटारी सुटल्या तरी पुष्कळ. प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरा, फार तर १,२००. दुचाकी धरल्या तर हा आकडा वाढतो हे मान्य, पण बसही वाढवता येतात. कोंडलेली लेन भरलेली दिसते म्हणून ती जास्त माणसं नेते असं नाही. साडू मोटारी मोजतात. माणसं मोजा ना!

पण दर पंधरा मिनिटांनी एकच बस सोडली तर तासाला २०० माणसं जाणार. मग साडूंचंच म्हणणं खरं ठरतं, आणि ते लेन उखडा म्हणाले तर मी अडवणार नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी गाड्या आणा, त्या चालवणारी-दुरुस्त करणारी माणसं आणा, मग फीत कापा. अहमदाबादने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये 'जनमार्ग' ही आपली बीआरटी सुरू केली, त्याआधी काही महिने लोकांना फुकट बसवून चाचणी घेतली. तिकीट स्टेशनवरच काढायचं, त्यामुळे बस थांब्यावर रेंगाळत नाही. हुबळी-धारवाडला २०१८ मध्ये बीआरटीच्या 'चिगरी' बस सुरू झाल्या, तिथे स्टेशनपाशी बसला बसच्या पुढे जाता येईल एवढी जागा सोडली आहे. एखादी गाडी बंद पडली तरी मागच्या अडकत नाहीत. आमच्याकडे एक गाडी बंद पडली की क्रेन येईपर्यंत मागे रांग, आणि प्रवासी कठडा ओलांडून चालू लागलेले. क्रेन कुठे उभी राहील, किती मिनिटांत पोहोचेल, हे उद्घाटनाआधी लिहून घ्या.

आणि वॉर्डनचा पगार बसच्या डिझेलइतकाच नेमाने द्या. तो ठेकेदाराच्या मर्जीवर ठेवू नका.

दिल्लीची आंबेडकर नगर-मूलचंद ही ५.८ किलोमीटरची बीआरटी २००८ मध्ये आली आणि २०१६ मध्ये पाडली. भोपाळनेही २०२४ मध्ये काढायला घेतली. पुण्यात नगर रस्त्यावरची तुकड्या-तुकड्याने गेली. दर वेळी बोलणारे मोटारवाले. बसमधला माणूस सकाळी सहाला निघतो, रात्री परततो, त्याला बैठकीला कोण बोलावतं?

सगळ्याच रस्त्यांवर बीआरटी करा असं मी म्हणत नाही. पेठांमध्ये, गावठाणात, जिथे दोन बस समोरासमोर आल्या की आरसे मिटावे लागतात, तिथे कठडे घालून काही साधणार नाही. जिथे मेट्रो त्याच रस्त्यावरून जाते, तिथला हिशेबही वेगळा करावा लागेल. आणि स्टेशन मधोमध असलं की रस्ता ओलांडायला सिग्नल हवाच. लोक भुयारी मार्गात उतरत नाहीत, पळत जातात, आणि ब्रेक आम्हाला दाबावा लागतो.

तुमच्याकडे आराखडा अजून कागदावर असेल तर डेपोतल्या चार जुन्या ड्रायव्हरांना त्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी घेऊन जा. कुठल्या वळणावर बारा मीटरची गाडी बसणार नाही ते तुम्हाला तिथेच कळेल.