आमदार-खासदाराची जंगल, खनिज आणि सैन्य यावरची भूमिका मत देण्याआधी कशी तपासायची?

आधी एक सांगतो, तुम्ही प्रश्नात 'आमदार-खासदार' एकत्र लिहिलंय ते चुकलंय. संरक्षण आमदाराच्या हातात नाहीच, त्यामुळं विधानसभेच्या प्रचारात कुणी सीमेवर बोलायला लागला की मी उठून चहाला जातो. वाळू, मुरूम राज्याचं, तिथं आमदाराला धरा. जंगल दोघांचं.

आता खरं कारण का लिहितोय. मी पाटण तालुक्यातला, कोयना अभयारण्याच्या अंगाला गाव. आमचे चुलते, आण्णा, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर. गेल्या लोकसभेला देवळाच्या सभामंडपात एक उमेदवार आले, माइक हातात घेतला आणि पहिल्या वाक्यापासून जवान, सीमा, शत्रू. साताऱ्यात हे हमखास चालतं, मिलिटरी अपशिंगे या फौजींच्या गावाचं नाव काढलं की टाळ्या ठरलेल्या. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमचं पोटरीत आलेलं भात गव्यांनी रात्रीत तुडवलं होतं, खाचरात खुरांचे खड्डे आणि त्यात पाणी, वनरक्षक टेप लावून पंचनामा करून गेलेला आणि पैशाचा पत्ता नाही. मी उठून विचारलं, साहेब, वनांच्या निधीवर तुमचं म्हणणं काय, आणि 2023 ला वन कायदा बदलला त्याला तुमचा पाठिंबा आहे का? साहेब हसले, पीए म्हणाला, "फुडं अजून गावं हायती, निवेदन द्या." झालं.

घरी आल्यावर आण्णा माझ्यावरच उखडले. फौजीच्या घरात जन्मून भर सभेत गव्याचं काय काढतोस म्हणून. मी म्हणलं, आण्णा, तो कायदा तुमच्या सैन्याचाच विषय आहे की! त्यात आंतरराष्ट्रीय सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतले सुरक्षेसाठीचे रस्ते-रेल्वे वनपरवानगीतनं वगळलेत, सुरक्षेच्या बांधकामाला 10 हेक्टरपर्यंत सूट आहे. "मग तुला रस्ता नको? चीननं बांधला तर चालतंय?" रस्ता पाहिजेच ओ, पण त्यावर आपला माणूस काय बोलला हे मला कळायला नको?

आणि इथंच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ते विधेयक लोकसभेत आवाजी मतदानानं पास झालं, म्हणजे कोण हो म्हणालं, कोण गप्प बसलं याची नोंदच नाही. त्यामुळं 'मत कुठं दिलं' हे शोधत बसू नका. संसदेच्या वेबसाइटवर खासदाराच्या नावानं त्यानं विचारलेले प्रश्न आणि भाषणं बघा. व्याघ्र प्रकल्पाच्या पैशावर, वनीकरण निधीवर (म्हणजे प्रकल्पासाठी जंगल घेतलं की त्याच्या भरपाईला भरावा लागणारा पैसा) काय विचारलंय का? 2016 च्या कायद्यानं त्या वनीकरण निधीतला 90 टक्के वाटा राज्यांना जातो, मग तो आपल्याकडं कुठं खर्च झाला हे विचारायला काय जातंय? सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 पासून आहे, सातारा-सांगलीच्या खासदारानं त्यावर तोंडच उघडलं नसेल तर मला त्याची भूमिका कळली.

पैशाचंही बघा. 2025-26 ला संरक्षणाला साधारण 6.81 लाख कोटी, पर्यावरण मंत्रालयाला 3,400 कोटींच्या आसपास. संरक्षणाचं कमी करा असं मी म्हणत नाही, त्यातले 1.6 लाख कोटी तर पेन्शनचेच आहेत, आमच्या घरी पण येते. पण जंगलाच्या पैशावर बोललं की देशद्रोही, हे कुठलं गणित?

हां, एक राहिलंच. मंत्री असलेला खासदार सभागृहात प्रश्न विचारत नाही, त्यामुळं यादी रिकामी दिसली म्हणून लगेच शिव्या देऊ नका. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, निघाला की एकट्याला फार काही करताही येत नाही. आणि साखर कारखान्याच्या राजकारणात आपल्याकडं मतं कशावर पडतात हे तुम्हालाही माहीत आहे, मी उगाच शहाणपणा शिकवत नाही.

आण्णांचा हुकमी एक्का म्हणजे यशवंतराव, 1962 ला संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते. मी म्हणलं, तेच यशवंतराव मुख्यमंत्री असताना कोयनेचं धरण बांधलं जात होतं, त्यांना पाणी आणि सैन्य दोन्ही बघता आलंच ना? त्यावर उत्तर नाही. मग परवा मी प्रश्नांच्या यादीची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "यात पेन्शनचं काय इचारलंय ते आधी दाव, मग तुझं गवं."