शरणपूर रोडवरून जाताना

चि. वकीलबाई,

अनेक आशीर्वाद. सनदेचे पेढे पोचले. निर्वासितांच्या केसेस करायच्यात, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. आपल्या नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकापासून कर. रोज स्कूटीवरून शरणपूर रोडने कोर्टात येतेस, पण इथे शरण आलं कोण, हे कधी मनात आलं का? 1850च्या दशकात मिशनऱ्यांनी हे गाव वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, हातकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन याच्या शवाबरोबर थेट लंडनला पोचला. मिशनचा हेतू निव्वळ दयेचा नव्हता, धर्मप्रसारही होताच. पण त्या पोरांकडे कुठला कागद होता, सांग बरं?

आज कागद नसला की सरळ कोठडी. आपण 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे जीव मुठीत धरून पळालेला आणि व्हिसा संपूनही मजेत राहिलेला, दोघंही कायद्यापुढे नुसते ‘परदेशी’. म्हणून करार घेऊन उभी राहू नकोस, घटना उघड. अनुच्छेद 19 नागरिकांसाठी आहे. 14 आणि 21 मध्ये शब्द आहे ‘व्यक्ती’. याच 21 वर बोट ठेवून 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशला तिथे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांचं संरक्षण करायला लावलं.

मात्र भाबडी राहू नकोस. एप्रिल 2021 मध्ये त्याच न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला. आणि पुढच्याच महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे दाद मागता यावी म्हणून दिल्लीला सुरक्षित जाऊ दिलं. दोन्ही निकाल वाच. दुसरा जास्त वेळा वाच. राहण्याचा पत्ता, जामीनदार, आठवड्याची हजेरी, असा पर्याय तू तयार ठेवलास तरच न्यायाधीशाला कोठडीऐवजी काहीतरी देता येतं. नुसतं ‘अन्याय होतोय’ म्हणून भागत नाही.

आता माझी चूक. कोठडीच्या जाळीपलीकडे एक अफगाण बसला होता. मी पहिलाच प्रश्न टाकला, “घर कोणत्या तारखेला सोडलं?” त्याने बोटं मोजली, तीनदा तीन तारखा सांगितल्या. घाईत मी एक अर्जात घातली, आणि सरकार पक्षाने उरलेल्या दोन पुढे करून त्याला खोटारडा ठरवलं. दुसऱ्या भेटीत विचारलं, “निघालात तेव्हा शेतात काय होतं?” तो पटकन म्हणाला, “द्राक्षं. अजून आंबट होती.” मी नाशिकचा माणूस, मला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं! आपली द्राक्षं जानेवारी ते मार्च उतरतात, त्यांची उन्हाळा सरता सरता. एवढ्यावरून घर सोडल्याचा महिना कळला, आणि पुढे गावातल्या हल्ल्याशी तो जुळला.

तेव्हा तारीख शेवटी विचार. आधी विचार, परत गेलात तर काय होईल? मग गप्प बस. हे मला अजून जमत नाही. दुभाषा त्याच्याच गावचा असेल तर जास्तच जप. कुणाला कुणाची भीती असते, आपल्याला कळत नाही. बाईचं म्हणणं नवऱ्यासमोर घेऊ नकोस. आणि वही मिटल्यावर दोन मिनिटं तिथेच थांब, खरी गोष्ट बहुतेकदा तेव्हाच बाहेर येते.

शनिवारी ये. मणिपूरच्या निकालाची माझी प्रत खुणा करून ठेवली आहे, पानं जरा सुटलीत, सांभाळून ने.

तुझा,
काका